चष्मा, लेन्स की लेझर: नंबर घालवायच्या आधी काय काय बघायचं

बहुतेक लोक आधी लेझर करायचं ठरवतात आणि मग विचारत फिरतात की खर्च किती, कुठे करू, दुखतं का. खरं तर क्रम उलटा पाहिजे. आधी डोळा काय म्हणतो ते बघायचं, मग वय, मग नोकरी-धंदा, आणि पैसे सगळ्यात शेवटी, कारण पहिल्या तीनपैकी एकातही गाडी अडकली तर पैशाचा प्रश्नच येत नाही. खाली त्याच क्रमाने लिहितोय. लांब झालंय, पण डोळे दोनच असतात त्यामुळे वाचा.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा पुढून मागे जरा जास्त लांब असतो, त्यामुळे उजेड मागच्या पडद्यावर न जुळता त्याच्या थोडा आधीच जुळतो. चष्मा ही चूक डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे दुरुस्त करतो, कॉन्टॅक्ट लेन्स बुबुळावर बसून करते आणि लेझर कॉर्नियाचाच, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराचाच आकार बदलून करतं. काम तिघांचं एकच आहे. लेझरने नंबर जातो पण डोळा लांबचा लांबच राहतो, आणि या एका वाक्यात पुढच्या निम्म्या भानगडी आहेत.

पहिलं काम: स्वतःच्या नंबरचा कागद वाचायला शिका

चष्म्याच्या दुकानातून मिळालेली चिठ्ठी आपण पाकिटात कोंबतो आणि विसरतो. ती काढा. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. स्फिअर हा मुख्य नंबर, मायनस असेल तर लांबचं दिसत नाही, प्लस असेल तर उलटं (पूर्ण उलटं नाही, पण कामापुरतं धरा). सिलिंडर म्हणजे तिरका नंबर, कॉर्निया सगळीकडून सारखा गोल नसला की हा येतो, आणि अ‍ॅक्सिस म्हणजे तो तिरकेपणा कुठल्या कोनात आहे ते. अ‍ॅड असं लिहिलं असेल तर ते चाळिशीचं, म्हणजे वाचायचा जादा नंबर. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, हे बऱ्याच चिठ्ठ्यांवर लिहिलेलंच नसतं, मागून घ्या, विशेषतः ऑनलाइन चष्मा मागवणार असाल तर.

आता मागच्या दोन-तीन वर्षांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवा. वर्षभरात नंबर ०.५ हून जास्त हलला असेल तर लेझरचा विषय तूर्त बंद. नंबर स्थिर नसताना लेझर केलं तर आज शून्य होईल आणि तो त्याच्या गतीने परत वाढेल, मग लोक म्हणतात लेझर फेल गेलं. शुगर असलेल्या माणसांचा नंबर शुगर वरखाली झाली की तात्पुरता हलतो, त्यामुळे शुगर ताब्यात नसताना चष्मासुद्धा करू नका, लेझर तर लांबच.

आणि हो, चष्मा लावला की नंबर वाढतो, सकाळी गवतावर अनवाणी चाललं की चष्मा जातो, गाजर खा, हे सगळं प्रत्येक घरात कोणीतरी सांगतंच. गाजर खा, चांगलंच असतं, पण लांब झालेला डोळा त्याने आखूड होत नाही. लहान मुलांचा चष्मा लपवून ठेवणारे आजी-आजोबा प्रेमाने करतात, पण त्याने मुलाचं नुकसान होतं.

वय बघा

१८ च्या आत लेझर नाही. वाढतं वय आहे, नंबर वाढतोय, तेव्हा काही करायचं असेल तर नंबरची वाढ मंदावण्यासाठी करायचं: रोज उन्हाउजेडात बाहेर खेळणं, कमी ताकदीचे अ‍ॅट्रोपीनचे थेंब, वेगळ्या डिझाइनचे खास चष्मे, हे मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. २१ ते ३५ हा लेझरसाठी सगळ्यात सोयीचा काळ.

चाळिशीच्या आसपास मात्र नीट विचार करा, कारण इथे सगळ्यात जास्त लोक निराश होतात. डोळ्याच्या आतली नैसर्गिक लेन्स वयाने कडक होते, जवळचं फोकस करता येत नाही, यालाच आपण चाळिशी लागली म्हणतो. ती कॉर्नियातली अडचण नाहीच, त्यामुळे लेझर करून लांबचा नंबर शून्य केला तरी चाळिशी लागायची ती लागतेच. उलट ज्याचा नंबर मायनस दोन-अडीच आहे तो माणूस पन्नाशीत चष्मा काढून पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो, बायको-पोरं हेवा करतात. त्याने ४३ व्या वर्षी लेझर केलं की लांबचा चष्मा गेला आणि वाचायचा आला, म्हणजे एक देऊन दुसरा घेतला. यावर एक तोडगा असतो, एक डोळा लांबसाठी आणि दुसरा थोडा मायनस ठेवून जवळसाठी, मोनोव्हिजन म्हणतात. काहींना छान जमतं, काहींना सतत काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. म्हणून आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स घालून तेच करून बघा, जमलं तरच लेझर.

बाळ होणार असेल, अंगावर पाजत असाल तर थांबा, हार्मोन्समुळे नंबर आणि कॉर्निया दोन्ही थोडे हलतात. आपल्याकडे मुलीचं लग्न ठरायच्या आधी चष्मा घालवायची घाई होते, माझ्या मते ही लेझरची सगळ्यात वाईट वेळ आहे, निर्णय तिचा नसतो, तारीख मांडवाच्या हिशोबाने ठरते, आणि डोळा सुकलेला असताना मेकअप आणि होमाचा धूर. करायचंच असेल तर निदान तीन-चार महिने आधी करा आणि तिला स्वतःला हवं असेल तरच.

नोकरी बघा, हे फार लोक विसरतात

सैन्यदल, रेल्वे, पोलीस भरती, पायलट, यांपैकी काही डोक्यात असेल तर डॉक्टरकडे जायच्या आधी त्या भरतीची मेडिकलची अट छापील वाचा. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला चष्मा चालत नाही आणि लेझर केलेलाही चालत नाही, त्यामुळे 'लेझर करून घेतो आणि भरतीला बसतो' हा बेत तिथे उपयोगाचा नाही. सैन्यदलात काही प्रवेशांना लेझर चालतं पण अटी असतात, म्हणजे वयाच्या २० नंतर केलेलं असावं, होऊन १२ महिने झालेले असावेत, कॉर्निया ठरावीक जाडीचा उरलेला असावा, डोळ्याची लांबी मर्यादेत असावी. एनडीएच्या वयाच्या मुलाने घाईने लेझर करून घेणं म्हणजे स्वतःच्या हाताने दार लावून घेणं. अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच बघायची, क्लासमधल्या मित्राचं ऐकायचं नाही.

कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग असं अंगाला अंग भिडणारं काही करत असाल तर तेही डॉक्टरला सांगा, त्यावरून लेझरचा प्रकार बदलतो, पुढे येईल.

आधी चष्मा तरी नीट करून घ्या

चष्म्याला कंटाळलेले अर्धे लोक वाईट चष्म्याला कंटाळलेले असतात असं माझं स्पष्ट मत आहे. नाकावरून घसरतो, काच जाड, कडेला सगळं वाकडं, रात्री समोरच्या गाडीचा दिवा पसरतो. यातलं बरंच काही सुधारतं.

नंबर मायनस चारच्या वर असेल तर फ्रेम लहान आणि गोलसर घ्या, बाहुली फ्रेमच्या मध्यावर यायला हवी, कारण मायनसची काच कडेला जाड होत जाते आणि मोठी चौकोनी फ्रेम घेतली की तीच जाड कड बाहेर दिसते. साध्या प्लॅस्टिकच्या काचेऐवजी १.६७ किंवा १.७४ इंडेक्सची काच पातळ बसते, पैसे जास्त लागतात, कमी नंबराला गरज नाही. मुलांना आणि खेळणाऱ्यांना पॉलीकार्बोनेट, फुटून डोळ्यात जात नाही. अँटीग्लेअर कोटिंग घ्याच, रात्री गाडी चालवणाऱ्याला लगेच फरक कळतो. ब्लू-कट साठी जादा पैसे देऊ नका. मोबाइल-लॅपटॉपचा निळा उजेड डोळा खराब करतो म्हणून ते खपवलं जातं, पण २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही. स्क्रीनने डोळे दुखतात ते आपण पापण्या मिटवायचं विसरतो म्हणून.

काच शर्टाने, ओढणीने, पदराने पुसू नका, नळाखाली धरून साबणाचा एक थेंब लावा आणि मऊ कापडाने टिपा. कोटिंग जास्त टिकतं.

चष्म्याची मोठी जमेची बाजू कोणी सांगत नाही: डोळ्याला स्पर्शच नाही, त्यामुळे इन्फेक्शनची भीती नाही, आणि नंबर बदलला की काच बदलली. पुढे लेन्स घातली किंवा लेझर केलं तरी घरात एक चष्मा लागतोच, लेन्सवाल्यांना तर सक्तीने.

मग लेन्स घालून बघा

लेझरचा विचार असलेल्या माणसाने आधी काही महिने लेन्स वापरून बघावी असं मला वाटतं. चष्म्याशिवायचं आयुष्य आपल्याला खरंच किती हवंय ते कळतं, आणि डोळा सुकण्याकडे झुकतोय का तेही कळतं.

चष्म्याचा नंबर तसाच्या तसा लेन्सला लागत नाही. चार नंबरच्या पुढे फरक पडायला लागतो, कारण लेन्स डोळ्याला चिकटून असते. चष्म्यात मायनस सहा असेल तर लेन्समध्ये साधारण मायनस साडेपाच लागतो. त्यामुळे चष्म्याची चिठ्ठी बघून ऑनलाइन लेन्स मागवायच्या नाहीत, एकदा बसून फिटिंग करून घ्यायचं, बेस कर्व्ह (लेन्सची वक्रता) आणि डायमीटर (रुंदी) लिहून घ्यायचं. सिलिंडर असेल तर टोरिक लेन्स.

डेली की मंथली? परवडत असेल तर डेली, रोज रात्री फेकून द्यायची, सोल्युशन नाही, डबी नाही, घाण साठायला जागाच नाही. कधीमधी लग्नाकार्याला, ट्रेकला वापरणाऱ्याला तर डेलीच स्वस्त पडते. रोज बारा तास घालणाऱ्याला मंथली स्वस्त, पण मंथली म्हणजे पाकीट फोडल्यापासून एक महिना, तीस वेळा घालेपर्यंत नव्हे, ही चूक भरपूर लोक करतात. सिलिकॉन हायड्रोजेलची लेन्स घ्या, तिच्यातून ऑक्सिजन जास्त जातो. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन थेट हवेतून घेतो, त्यामुळे हा मुद्दा जाहिरातीचा नाही, खराच आहे.

घालायची पद्धत: हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा, लिंट सोडणारा टॉवेल नको. नेहमी उजव्यापासून सुरू करा म्हणजे अदलाबदल होत नाही. बोटावर ठेवून बाजूने बघा, कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या असतील तर बरोबर, ताटलीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर लेन्स उलटी आहे. लेन्स आधी, काजळ-मेकअप नंतर, आणि काढताना लेन्स आधी, मेकअप नंतर. पापणीच्या आतल्या कडेवर काजळ भरायची सवय असेल तर लेन्सच्या दिवशी नको.

काढल्यावर मंथली लेन्स तळहातावर ताजं सोल्युशन घालून बोटाने चोळा, सोल्युशनने धुवा, मग डबीत नवीन सोल्युशनमध्ये ठेवा. बाटलीवर नो रब असं लिहिलेलं असलं तरी चोळा. कालच्याच सोल्युशनमध्ये थोडं नवीन ओतायचं नाही. सलाईन हे निर्जंतुक करणारं सोल्युशन नाही, ते फक्त धुवायला. डबी रोज सोल्युशनने धुऊन उघडी, उलटी ठेवून वाळवा आणि तीन महिन्यांनी फेका. पावसाळ्यात बाथरूममध्ये ठेवलेल्या डबीला बुरशी लागते, तिथे ठेवूच नका.

दोन नियम मात्र कधीही मोडायचे नाहीत. एक, पाणी. नळाचं, फिल्टरचं, विहिरीचं, स्विमिंग पूलचं, कुठलंच पाणी लेन्सला लागू द्यायचं नाही, कारण पाण्यात अकँथअमीबा नावाचा जंतू असतो, तो लेन्समागे कॉर्नियात शिरला की महिनोन् महिने उपचार चालतात आणि नजर जाऊ शकते. लेन्स घालून अंघोळ नाही, पोहणं नाही, पावसात भिजणं नाही. दोन, झोप. लेन्स घालून झोपलं की इन्फेक्शनचा धोका कैक पट वाढतो, दुपारची डुलकीसुद्धा त्यातच धरा. रात्रीच्या बसने गावी जाताय तर बसमध्ये चढायच्या आधी लेन्स काढा आणि चष्मा लावा.

रंगपंचमी, गणपती विसर्जनाचा गुलाल, फटाके, या दिवशी चष्मा. लेन्समध्ये रंग शोषला जातो आणि तिथेच बसून राहतो.

डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, लेन्स आणि डबी सोबत न्या, त्यातून जंतू कोणता ते तपासता येतं. मेडिकलमधून 'डोळे आलेत, ड्रॉप द्या' म्हणून काही आणून घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळा वरून पांढरा दिसायला लागतो आणि आतमध्ये इन्फेक्शन वाढत राहतं.

आता लेझर: आधी तपासण्या

तपासणीच्या आधी लेन्स बंद ठेवायची असते, सॉफ्ट लेन्स एक ते दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे, कारण लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो आणि मशीन तो चुकीचा आकार मोजतं. 'आज या, आजच तपासू, उद्या करू, ऑफर चालू आहे' असं कोणी म्हणालं आणि लेन्स कधी काढली हे विचारलंच नाही, तर तिथून उठा.

तपासणीत काय काय व्हायलाच हवं ते असं. कॉर्नियाची टोपोग्राफी किंवा पेंटाकॅम, म्हणजे पुढच्या-मागच्या पृष्ठभागाचा नकाशा. जाडी. बाहुलीचा आकार अंधारात. डोळ्यातलं पाणी किती आणि किती वेळ टिकतं. थेंब घालून बाहुली मोठी करून नंबर आणि मागच्या पडद्याची पूर्ण तपासणी. या दिवशी तीन-चार तास जातात, गाडी चालवत जाऊ नका, थेंबांमुळे परतताना धूसर दिसतं.

सगळ्यात महत्त्वाचा नकाशा. केरॅटोकोनस नावाचा आजार असतो, कॉर्निया पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो, सुरुवातीला काहीच कळत नाही, फक्त सिलिंडर वाढत राहतो. अशा डोळ्यावर लेझर केलं तर आधीच कच्ची असलेली भिंत अजून तासली जाते. जे लोक सतत डोळे चोळतात, अ‍ॅलर्जीवाले, त्यांच्यात हा जास्त दिसतो. नकाशात संशय जरी आला तरी चांगला डॉक्टर नाही म्हणतो, आणि तो नाही म्हणाला म्हणून दुसरा हो म्हणणारा शोधत हिंडू नका.

जाडीचा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता. कॉर्निया सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लॅसिक या लेझरच्या प्रकारात कॉर्नियाचा वरचा पापुद्रा झडपेसारखा उचलतात, ती झडप साधारण ११० मायक्रॉनची. पुढे एका नंबरमागे ढोबळमानाने १५ मायक्रॉन तासले जातात. खाली निदान २५० उरायलाच हवेत, ३०० असतील तर बरं, आणि झडप अधिक तासणी मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांच्या पुढे गेली नाही तर उत्तम. आता कोणाचा नंबर मायनस पाच आणि जाडी ५२०: झडप ११०, तासणी ७५, उरले ३३५, टक्के साधारण ३६. छान. दुसऱ्याचा मायनस साडेआठ आणि जाडी ४९५: झडप ११०, तासणी जवळजवळ १२८, उरले २५७, टक्के ४८. कागदावर २५० च्या वर आहे म्हणून कोणी हो म्हणेलही, पण मी हा डोळा लॅसिकला देणार नाही. हा हिशोब ढोबळ आहे, मशीनप्रमाणे आकडे बदलतात, पण डॉक्टरला 'माझे किती मायक्रॉन उरतील' हे विचारायला पुरेसा आहे. उत्तर आकड्यात यायला हवं.

याशिवाय संधिवात, ल्युपससारखे आजार, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असणं, डोळ्यात पूर्वी हर्पिस होऊन गेलेलं असणं, खूप सुके डोळे, हे सगळं न विचारता सांगा.

कुठला प्रकार

हॉस्पिटलच्या बोर्डावर सतरा नावं असतात, आत मात्र तीनच पद्धती आहेत, आणि चौथी लेझर नाहीच.

पीआरके सगळ्यात जुनी, अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झाली. वरची नाजूक त्वचा काढून थेट लेझर. झडप नाही, त्यामुळे पातळ कॉर्नियाला आणि कुस्ती-कबड्डीवाल्याला चांगली. तोटा म्हणजे पहिले तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, पाणी येतं, पट्टीसारखी एक लेन्स घालून ठेवतात, आणि नजर पूर्ण साफ व्हायला काही आठवडे लागतात. मोठ्या नंबराला नंतर धुरकटपणा येण्याची शक्यता असते.

लॅसिकमध्ये फेम्टोसेकंद लेझरने किंवा ब्लेडने झडप करतात, ती उचलतात, एक्सायमर लेझर मारतात, झडप परत ठेवतात. दुसऱ्या दिवशी लख्ख दिसतं, म्हणून एवढी लोकप्रिय झाली. 'ब्लेडलेस' म्हणजे झडप लेझरने केलेली, एवढाच अर्थ. कॉन्टूरा म्हणजे नकाशाच्या आधाराने केलेली लॅसिक, वेगळं ऑपरेशन नव्हे.

स्माइलमध्ये झडपच नाही, आतल्या आत लेझरने एक पातळ चकती कापतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या फटीतून ओढून काढतात. सुरुवातीचा कोरडेपणा जरा कमी, धक्का लागून झडप सरकायची भीती नाही. पण मुख्यतः मायनस आणि सिलिंडरसाठीच, आणि थोडा नंबर उरला तर परत दुरुस्ती लॅसिकइतकी सरळ नाही. महागही आहे. मायनस तीन-चारच्या साध्या, जाड कॉर्नियाला स्माइलच हवं असा आग्रह मला पटत नाही.

आणि आयसीएल, म्हणजे डोळ्याच्या आत, बाहुलीच्या मागे आणि नैसर्गिक लेन्सच्या पुढे बसवलेली कायमची लेन्स. वरच्या उदाहरणातल्या साडेआठवाल्याला हीच सुचवली जाईल. कॉर्निया तासत नाहीत आणि नको झाली तर काढता येते. पण हे डोळा उघडून केलेलं ऑपरेशन आहे, आत जागा पुरेशी लागते, आणि दर वर्षी तपासणी चुकवायची नाही.

त्या दिवशी आणि पुढचे दिवस

केस धुऊन जा, मेकअप, अत्तर, डिओ काही नको, कारण वाफा लेझरच्या मशीनला चालत नाहीत. सोबत कोणीतरी न्या. भूल फक्त थेंबांची. पापण्या क्लिपने उघड्या धरतात, झडपेच्या वेळी डोळ्यावर दाब येतो आणि काही सेकंद अंधारून येतं, घाबरू नका. मग हिरव्या किंवा लाल ठिपक्याकडे बघत राहायचं. तुमचं काम एवढंच. डोळा हलला तर मशीन पाठलाग करतं, जास्त हलला तर थांबतं.

केस जळल्यासारखा वास येतो आणि बरेच लोक तिथेच हादरतात. जळत काही नसतं. १९३ नॅनोमीटरचा हा अतिनील किरण रेणूंचे बंध तोडतो, आजूबाजूचं भाजत नाही. हे ज्याच्या लक्षात आलं तो मूळचा मद्रासचा माणूस, रंगास्वामी श्रीनिवासन, आयबीएमच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत १९८१ मध्ये, आणि प्रयोग कशावर, तर थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्यावर. कड इतकी स्वच्छ कापली गेली की पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते उचललं.

घरी आलात की झोपा. पहिले चार-पाच तास चुरचुरतं, पाणी येतं. डोळा चोळायचा नाही, कितीही खाज आली तरी, रात्री आठवडाभर पारदर्शक कवच चिकटवून झोपा, झोपेतच हात जातो. थेंबांचे अलार्म लावा, दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटं ठेवा. आठवडाभर डोक्यावरून अंघोळ नाही, गळ्याखाली करा. डोळ्यांचा मेकअप किमान दोन आठवडे बंद, पोहणं महिनाभर. फोडणीची वाफ, चुलीचा धूर, टू-व्हीलरवरची धूळ टाळा, गॉगल लावा. पीआरकेवाल्यांनी उन्हाचा गॉगल काही महिने. होळी किंवा दिवाळीच्या तोंडावर तारीख घेऊ नका.

दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, नजर अचानक उतरली, डोळ्याला मार लागला तर रात्र असली तरी फोन करा.

काय बिघडू शकतं

बहुतेक लोक खूश असतात हे खरं आहे. पण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने केलेल्या प्रोल नावाच्या अभ्यासात, ज्यांना आधी दिव्याभोवती वलय, चमक असं काही दिसत नव्हतं त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी असं काहीतरी दिसत होतं, आणि ज्यांचे डोळे आधी सुके नव्हते त्यांच्यापैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा जाणवत होता. रोजच्या कामात फार अडचण येते म्हणणारे एक टक्क्याहून कमी होते. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. रात्री हायवेला गाडी चालवणाऱ्याने पहिला आकडा आणि दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसणाऱ्याने दुसरा आकडा जास्त मनावर घ्यायचा. कोरडेपणा बहुतेकांचा सहा महिने ते वर्षभरात कमी होतो, सगळ्यांचा नाही.

आणि ते सुरुवातीचं वाक्य. डोळा लांबच राहिलेला असतो. मायनस सहा-सातवाल्याचा पडदा ताणलेला, पातळ असतो, लेझरनंतरही तसाच. चष्मा गेला म्हणून वर्षाची पडद्याची तपासणी बंद करायची नाही. अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके भसकन वाढले, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर.

पैसे

लेझरचा खर्च शहर, मशीन आणि प्रकार यावर इतका बदलतो की मी आकडा लिहिला तर तो चुकेलच. तुम्ही असं करा: वर्षाला लेन्स, सोल्युशन आणि चष्मा मिळून किती जातात ते लिहा, लेझरच्या कोटेशनला त्याने भागा, किती वर्षांत वसूल होतं ते कळेल. लेन्सवाल्यांना लवकर होतं, दोन वर्षांतून एक साधा चष्मा करणाऱ्यांना बहुधा कधीच होत नाही. कोटेशन दोन्ही डोळ्यांचं आहे का, त्यात तपासण्या, थेंब, पुढच्या वर्षाच्या भेटी आणि नंबर उरला तर दुसऱ्यांदा लेझर धरलंय का हे लिहून घ्या.

मेडिक्लेमचं एक: आपल्याकडच्या पॉलिसींत साडेसातपेक्षा कमी नंबरच्या दुरुस्तीचा खर्च वगळलेला असतो. साडेसात किंवा जास्त असेल तर वेटिंग पीरियड आणि बाकी अटी बघून क्लेम होऊ शकतो, आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या. त्यासाठी लेझरच्या आधीचा नंबर कागदावर हवा.

तो कागद क्लेम झाल्यावर फेकू नका. साठीत मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना कॉर्नियाची मूळ वक्रता लागते, लेझरनंतर नेहमीचं गणित चुकतं. काचबिंदूसाठी डोळ्याचं प्रेशर मोजतात तेही पातळ झालेल्या कॉर्नियावर खरं आहे त्यापेक्षा कमी येतं, म्हणून पुढे कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात की लेझर झालंय हे आधी सांगा. ऑपरेशनआधीचा नंबर, पेंटाकॅमची प्रिंट, के रीडिंग (कॉर्नियाच्या वक्रतेचे आकडे), जाडी, किती मायक्रॉन तासले त्याचा रिपोर्ट, एवढं हॉस्पिटलमधून डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या, फोटो काढून स्वतःला मेल करा आणि एक प्रत घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा.